तीनशे भागिले आठ

प्रिय भिंगरी,

पाकीट पाहून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. फोनवर तू ‘बरी आहे, जेवले, ठेवते’ एवढंच बोलतेस आणि मग मी आणि तुझी आई त्या फोनकडे बघत बसतो. म्हणून म्हटलं, सरळ लिहावं. आज सकाळी मैदानावर दोन नव्या शिकाऊ मंडळींना गाडी मागे घ्यायला शिकवलं. एकाने कुंपणाचा मुका घेतला. दुसऱ्या बाई गाडी बंद पडली की गाडीलाच सॉरी म्हणतात. मी घसा बसेपर्यंत ओरडलो, पण भोवळ आली नाही, कारण नाश्ता करून गेलो होतो. तुझी आई हल्ली माझी बशी रिकामी झालेली बघते आणि मगच गाडीच्या किल्ल्या हातात देते. अर्धं गाव माझ्या हाताखाली ड्रायव्हिंग शिकलं आणि मला माझ्याच किल्ल्यांसाठी लाडीगोडी लावावी लागते, बोल!

त्या दिवशी मात्र मी उपाशीपोटी गेलो होतो. वजन उतरवायचं खूळ डोक्यात शिरलं होतं ना. उन्हात ओरडता ओरडता डोळ्यांपुढे अंधारी आली आणि जवळचा दवाखाना नेमका तुझा निघाला. खरं सांगू? मला थोडं मिरवायचंही होतं. लेक नुकती डॉक्टर म्हणून खुर्चीत बसलेली आणि बाप आयता पेशंट म्हणून हजर. बाकावरच्या दोघातिघांना मी सांगूनही टाकलं की आत बसलीय ती माझी मुलगी. तू मला झोपवलंस, छातीला त्या गारेगार वाट्या चिकटवल्यास आणि ईसीजीच्या यंत्रातून गुलाबी चौकटींची पट्टी सरसर बाहेर आली. तू दोन उंच टोकांच्या मधले मोठे चौकोन बोटाने मोजलेस. आठ भरले. तुझे ओठ हलले, तीनशे भागिले आठ. साडेसदतीस. मग पुन्हा मोजलेस, पुन्हा तेवढेच. मिनिटाला सत्तर-पंचाहत्तर ठोके पडायला हवेत, तिथे निम्मेच पडताहेत हे मला तेव्हा कळलं नाही, पण तुझा चेहरा मला लहानपणापासून वाचता येतो.

तू मला लगेच मोठ्या हॉस्पिटलात न्यायला निघालीस, पण दवाखान्याच्या जुन्या व्हॅनमध्ये एका स्ट्रेचरशिवाय काही नव्हतं. मी आडवा, तू शेजारी. मी फार घाबरलो होतो गं. तुझ्या आईला अजून चढावर गाडी थांबवता येत नाही, तिला कोण शिकवणार, असलं काहीबाही मनात येत होतं. त्यात तो ड्रायव्हर! प्रत्येक वळणाला मी झोपल्या झोपल्या उजव्या पायाने ब्रेक दाबत होतो. शिकवणाऱ्याच्या बाजूला जास्तीचा ब्रेक असतो, त्याची सवय मेल्यावरही जायची नाही. तू विचारलंस, बाबा पायात गोळा आलाय का? मी हो म्हटलं.

मोठ्या हॉस्पिटलातल्या त्या टकल्या हृदयवाल्या डॉक्टरांनी पट्टी एका हातात घेतली, दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. मग पट्टीच्या खालच्या कोपऱ्यातली मुंगीएवढी अक्षरं वाचली आणि हसले. माझे ठोके पंचाहत्तर होते. तुमच्या यंत्रात कागद दुप्पट वेगाने पळत होता, एवढंच. सकाळी कुणाचं तरी तान्हं बाळ आलं होतं, त्याच्या ठोक्यांची गर्दी नीट सुटी दिसावी म्हणून सिस्टरने वेग वाढवला होता आणि परत कमी करायचा राहून गेला. मी त्यांच्याकडून सगळं समजून घेतलं. नेहमीच्या वेगाला मिनिटात तीनशे मोठे चौकोन सरकतात, म्हणून तीनशेला भागायचं. वेग दुप्पट असेल तर सहाशेला. म्हणजे तुझा भागाकार अगदी बरोबर होता. फक्त गाडी किती वेगात आहे ते न बघता तू अंतर मोजलंस. बिचारं माझं हृदय आपल्या नेहमीच्या चालीने चाललं होतं. भिंगरी, ते ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी तिथल्या तिथे शर्टाची बटणं लावली, चुकीच्या काजांत लावली आणि चहा कुठे मिळेल ते विचारलं. त्याच वेळी डॉक्टरांनी तुला विचारलं, नाडी पाहिली नव्हती का, आणि तू मान खाली घातलीस. ते मी पाहिलं, पण आनंदाच्या भरात त्याचं काही वाटलं नाही. घरी आल्यावर वाटलं.

परवा तुमच्या दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरबाईंचा फोन आला होता. तुझी चौकशी करताना सहज बोलून गेल्या की तुला आता पेशंट नको आहेत, फक्त दाखले तपासायचं टेबल द्या म्हणतेस. सिस्टर बिचारी घरी येऊन रडून गेली. तिला तुझ्या आईने खाऊ घातलं आणि मी गाडी शिकवायचं कबूल केलं. तुझं काय करायचं ते मात्र आम्हाला सुचेना. मग मला तुझी पहिली चौकातली फेरी आठवली. सिग्नल सुटला, गाडी बंद पडली, मागे हॉर्नचा कल्लोळ, आणि तू दार उघडून रडत फुटपाथवर जाऊन उभी राहिलीस. मी जागेवरून हललो नाही. लोकांनी आईबापांचा उद्धार केला तरी स्टिअरिंग हातात घेतलं नाही. शेवटी तू आलीस, नाक पुसलंस आणि किल्ली फिरवलीस. घरापर्यंत तूच आणलंस आम्हा दोघांना.

आता पत्राचं खरं काम सांगतो. सोमवारी सकाळी मी तुमच्या दवाखान्यात येतोय, नाश्ता करून, नंबर लावून. मोठ्या बाईंना सांगून ठेवलंय की माझी पट्टी दुसऱ्या कुणी काढायची नाही. तू नसलीस तर मी बाकावर बसून राहीन. बंद पडलेल्या गाडीत बसून राहायची मला सवय आहे. आधी मनगट धर, मग कोपऱ्यातला वेग वाच, मग चौकोन मोज. डॉक्टरांनी नाडीचं विचारलं, त्याचं खरं उत्तर मला ठाऊक आहे. व्हॅनमध्ये पूर्ण रस्ताभर तू माझा हात धरला होतास, बोटांत बोटं घालून, अगदी घट्ट. मनगट दोन बोटांच्या अंतरावर होतं आणि तुला ते सुचलं नाही, कारण त्या वेळी तिथे डॉक्टर नव्हतीच, माझी मुलगी होती. सोमवारी मला दोघीही हव्यात. मोजून झालं की हात सोडू नकोस.

तुझाच, सोमवारचा पहिला पेशंट,
बाबा