भिंतीवर बटण नाही

मिस्त्री, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा तर आधी कारखान्याच्या शेडमधल्या लेथ मशीनचा आवाज आठवावा लागतो. मी सध्या लेकीकडे आहे, जपानात, सेंदाईला. ती इथे विद्यापीठात संशोधन करते. दिवसभर मी घरात एकटा. दार ओढलं की आपोआप लागतं आणि ते उघडायचे आकडे माझ्या डोक्यात टिकत नाहीत, म्हणून कचऱ्याची पिशवी खाली ठेवायला जातानाही मी दारात चप्पल अडकवून जातो.

मंगळवारी ती निघताना म्हणाली, "बाबा, कॉम्प्युटर अपडेट होतोय. हात लावू नका हं. दुपारी बारापर्यंत सरांना आकडे द्यायचेत, ते त्यातच आहेत, मी विद्यापीठातून ते ओढून घेईन." मी बरं म्हटलं. तासाभराने बघतो तर पडद्यावरची पट्टी जागची हललेली नाही आणि आतला पंखा घोंघावतोय. मला कचरा टाकायला जायचं होतं, आणि चालू यंत्र सोडून मला बाहेर पडता येत नाही. हे तुमचं शिकवणं. एकदा तुम्ही मला एसटीतून उतरवून शेडवर परत पाठवलं होतंत. "मेन स्विच हात लावून बघितलास, का नुसता डोळ्यांनी?" सगळी गाडी हसली होती. मेन बंदच होता. पण तेव्हापासून घर सोडताना मी एकेक बटण दाबून बघतो. इथे भिंतीवर बटणच नाही, मिस्त्री. प्लगची नुसती दोन भोकं. मी वायर ओढून काढली.

खालून येऊन परत लावली तर चित्र आलं, पण सगळं गोठलेलं. माऊसचा बाणसुद्धा हलेना. अर्धा तास मी त्याच्यासमोर उभा होतो, बसायची हिंमत होत नव्हती. मग तिला फोन केला. प्रयोग सोडून तिला येता येत नव्हतं. ती म्हणाली, "घाबरू नका. मी सांगते तशा तीन कळा एकदम दाबा." पडदा काळा झाला, मला वाटलं संपलं. पण पांढरी अक्षरं आली. तिने पासवर्ड सांगितला, मी एकेक अक्षर दाबतोय आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. तीन वेळा दाबलं. "अगं, कळा मेल्यात याच्या." "बाबा, तो दिसत नसतोच. लिहा आणि एंटर मारा. आणि हळू, लेथ नाहीये तो."

मग ती दुरुस्तीचा हुकूम एकेक अक्षर सांगत गेली, डी, पी, के, जी, जागा सोडा, दोन आडव्या रेघा. ती रेघ शोधायला मला किती वेळ लागला. इथल्या कळांवर जपानी अक्षरंही असतात. सातवीत शाळा सुटलेला माणूस मी. इंग्रजी अक्षरं ओळखतो ती तुम्ही ड्रॉइंगवर बोट ठेवून शिकवलीत म्हणून. ओळी सरसर पळायला लागल्या. त्या पळत असताना तिने विचारलं, "अर्धवट कसं काय राहिलं हे?"

"लाईट गेली असेल," मी म्हटलं.

ती म्हणाली, "इथे लाईट जात नाही, बाबा." आणि लगेच, "हं, पुढची ओळ वाचा."

कॉम्प्युटर सुरू झाला, आकडे जागेवर होते. पण तोवर दीड वाजून गेला होता. संध्याकाळी ती घरी आली, आणि कोट न काढताच स्वयंपाकघरात उभी राहून तिने सरांना फोन लावला. जपानीत बोलत होती. ओट्याकडे तोंड करून, समोर कोणी नसताना, ती पुन्हा पुन्हा कमरेत वाकत होती आणि प्रत्येक वेळी एकच शब्द म्हणत होती. तिने फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले सर?" "काही नाही. चहा घेणार का?"

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? तिच्याच रद्दीतल्या कागदाच्या पाठीवर लिहिलंय, आणि तिच्या हाती लागू नये म्हणून फाडूनही टाकीन. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. दोन महिने मी इथल्या दुकानांत, बसमध्ये तो शब्द ऐकतोय. मला जपानीतला तेवढा एकच शब्द येतो. ती माफी मागत होती, ते मला कळत होतं.