उंबराच्या मेढीमागं गाडी

२१ एप्रिल
मागचं चाक काढलं एकदाचं. काल किन्हवलीपासून घरापर्यंत गाडी ढकलत आणली. ट्यूब व्हॉल्व्हपाशीच फाटली होती आणि टायर तर पार टकला. पंक्चरवाला म्हणाला, "पुरी गाडी कशाला ढकलतो, चाक काढून आण ना." काढून आण म्हणे. जसं काय पायातली चप्पल.
पडवीसमोर डबल स्टँडवर लावली. नट गंजलेला, पान्यावर उभा राहिलो तेव्हा कुठं हलला. ब्रेकचा रॉड सोडला, एक्सल ठोकून ठोकून बाहेर काढला, तसा मधला बूश टुणकन खाली. चाक तिरकं केलं की निघतं. चेन जागेवरच राहते, हे आज कळलं. इतकी वर्षं गाडीवर बसतोय आणि.
निमा ओट्यावर वाल सोलत होती. धाकटी बहीण, आणि शनिवारी तिचं लग्न.
"सगळं परत लागंल का, काय उरंल?"
"उरलं तर तुझ्या रुखवतात मांड."

२१ एप्रिल, संध्याकाळ
हे लिहायचं राहिलं, आणि खरं तर हेच लिहायचं होतं. भातसानगरच्या बाजूला बोअर मारणारी मोठी गाडी आलीय. (धरणाच्या शेजारी बोअर. पाणी मुंबईला जातं आणि आमी जमिनीला भोकं पाडतो.) मागच्या आठवड्यात उगाच बघायला गेलो आणि दिवसभर तिथंच. मालक अण्णा, तिकडचा दक्षिणेचा. त्याला मोटरसायकलवर पुढं जाणारा माणूस हवाय. रस्ता किती रुंद, तारा किती खाली, पूल पेलेल का, ते बघायचं आणि मागं फोन करायचा. इथून मुरबाड, मग घाट चढून जुन्नर, नगर. त्याच्या पुढं त्यालाही माहीत नाही.
"गाडी है तो आओ. बिना गाडी के लडके बहुत हैं मेरे पास."
मी घरी सांगितलेलं नाही. लग्न होऊ दे.

२३ एप्रिल
चाक घेऊन जीपनं मुरबाडला. ड्रायव्हर म्हणे, "बाकीची गाडी मागनं येते का?" सगळी जीप हसली, मीही. नवा टायर, नवी ट्यूब. तिथं एक माणूस मधमाश्यांच्या पेट्या घेऊन बसला होता, त्याच्याशी बोलत बसलो आणि दोन जीपा गेल्या.
आलो तर दारात मांडव. भावकीनं दिवसात उभा केला, वर जांभळीचे टहाळे टाकले. छान दिसतो. माझी गाडी कुठाय विचारलं तर शिवाकाका (बाबांचे चुलतभाऊ, मांडवाचे मुख्य) म्हणाले, "हाय की तिथंच. कोपऱ्यात सारली. चाकाबिगर कुठं नेऊ, खांद्यावर?"
कोपरा म्हणजे: एका अंगाला भिंत, मागं पाण्याची टाकी, दुसऱ्या अंगाला ओटा. पुढून निघायची एक वाट होती, तिच्यात मधोमध मांडवाची मुहूर्तमेढ, उंबराची, रोवलीय.
"काका, दुसरीकडं नाय का लागत?"
"मेढ उगवतीलाच लागते रे. तुझ्या गाडीसाठी दिशा फिरवू काय?"
आईनं तिला हळदकुंकू लावून पाणी घातलं. झालं. आता तिला हात लावायचा नाही.

२४ एप्रिल
बूश सापडत नाही. बाकी सगळं डब्याच्या झाकणात ठेवलं होतं, तेवढाच नाही. तो घातल्याशिवाय चाक लावलं तर नट आवळला की चाक जाम. शेणाच्या ढिगात पण बघितलं. पाहुण्यांची पोरं घेऊन गेली असतील.
आज हळद. डीजे. माझ्या कपाळाला, कानाला, नव्या टायरला सुद्धा हळद लावली बायकांनी.
अण्णाचा फोन येऊन गेला, डीजेत ऐकू आला नाही.

२५ एप्रिल
सकाळी कोपऱ्यात बसलो होतो. निमा आली, पिवळीधम्मक. हळद लागल्यापासून तिला मांडवाबाहेर सोडत नाहीत.
"काय शोधतोस?"
"बूश. अंगठ्याएवढं लोखंडी नळकांडं."
"वर बघ."
बघितलं. मांडवाच्या वाशाला सुतळी, तिच्या टोकाला माझा बूश, वाऱ्यावर डुलतोय. शिवाकाकांनी मेढ सरळ उभी करायला ओळंबा केला होता त्याचा आणि तसाच विसरले.
"तुला कधीपासनं माहितीय?"
"कालपासनं. मांडवाखाली बसून दुसरं काय बघू? वासे मोजून झाले माझे."
एकट्याला चाक लागत नव्हतं. चाक धरावं तर बूश पडतो, बूश धरावा तर एक्सल. ती खाली बसली आणि बूश जागेवर धरून ठेवला. मी पलीकडून एक्सल ठोकला. आई ओरडत आली, "गो, हळदीच्या अंगानं काय करतेस हे?"
"नवरीच्या हातात लोखंड असावं म्हणतेस ना? सुरीच्या जागी हा."
एक्सल आरपार गेला. चाक फिरवलं, मोकळं फिरलं. चेन दोन बोटं ढिली ठेवली, बरोबर. तिच्या बोटांना ग्रीस आणि बूशवर हळद.
"तुझी गाडी तरी निघंल आता," म्हणाली. मग तिला आत बोलावलं.
संध्याकाळी लग्न लागलं. सापगावला गेली. शहापूरच्या अलीकडं, लांब नाही म्हणतात सगळे. सगळेच म्हणतात.

२७ एप्रिल
घर केवढं मोठं झालं. बाबांच्या मणक्यात गॅप आहे, ते ओट्यावर बसून सूचना करतात. भाताच्या रोपांच्या राबाला माती कमी पडली. म्हशीला त्या झाडाखाली नको बांधू. टाकी भरली का. निमा करायची ते सगळं आता माझ्या नावावर आलंय, कोणी विचारलं नाही.
बाबा: "तू हायेस म्हणून बरं. नायतर घराला कुलूप लावाय लागलं असतं."
मी हो म्हणालो. तोंडातून गेलं.

३० एप्रिल
पाचपरतावन. निमा आणि दाजी आले. आज मांडव सोडायचा, मेढ काढायची, माझी वाट मोकळी. काकांनी वासे उतरवले, टहाळे गोठ्यावर टाकले. मेढीला हात घातला तर आई: "थांबा भावजी."
उंबर फुटलाय.
तीन ठिकाणी. लालसर, चिमटीएवढी पानं. आई रोज पाणी घालत होती ना. लग्न लावायला आलेली धवलारीण म्हातारी मुद्दाम बघायला आली, काठीनं मातीत टोचून म्हणाली, "मूळ धरलंय. देव राहायला आला गो तुमच्यात. पोरीचा संसार रुजला. आता हलवाचा नाय."
सगळे आनंदले. मीही बघत राहिलो, खोटं कशाला, मलाही बरं वाटलं. नंतर गाडीकडं लक्ष गेलं.
हँडल वळवलं की मागचं चाक ओट्याला अडतं. चाक सरळ ठेवावं तर हँडल मेढीला. पुढं मागं पुढं मागं. घाम.
चार जण बोलावले तर उचलून काढतील. पण चार माणसं बोलावली की विचारणार, एवढी कुठं जायची घाई.
निघताना निमा म्हणाली, "फोन केला तर येशील ना सापगावला?"
"गाडी निघाली तर."
हसली नाही. तिथं नळ घरात आहे म्हणाली, बरे आहेत सगळे. पण दुकानात सुद्धा कोणीतरी सोबत येतं.

५ मे
अण्णाची गाडी नदीपलीकडं आलीय, ऐकू येतं. एकसारखी घरघर आणि मधे भुस्स. धुरळा उडताना दिसतो आंब्यांच्या वर. फोन केला. म्हणाला, इथले बोअर संपले की पंधरा तारखेला शुक्रवारी घाट चढणार. पावसाआधी जेवढं होईल तेवढं. "आ रहा है ना?"
दुपारी गाडी जागेवरच चालू केली, डबल स्टँडवर. गिअर टाकले, टॉपपर्यंत. चाक असं सुटलं की स्पोक दिसेनात, टाकीचं पाणी थरथरलं. मीटरचा काटा शून्यावर. बरोबर आहे, मीटर पुढच्या चाकाला असतो. पण बघवेना. बंद केली.
बाबा ओट्यावरून: "पेट्रोल कशाला जाळतोस?"

८ मे
आई देवळात, बाबा झोपलेले. कोयता घेऊन मेढीपाशी गेलो. मनगटाएवढं लाकूड, दोन घाव. पानं आता तळहाताएवढी झालीत. एका पानावर मुंगळा चढत होता, टोकापर्यंत गेला, परत फिरला, दुसऱ्या बाजूनं टोकापर्यंत.
घाव नाही घातला. फणस उतरवला त्याच कोयत्यानं. आई आल्यावर म्हणाली, शहाणा माझा.

१२ मे
सांगितलं. जेवताना. आईचा हात थांबला. बाबांनी भात कालवत विचारलं, "कसला धंदा?"
"पाण्याचा. बोअरचा."
"पाणी शोधाय नगरला. आपली टाकी भरली का आज?"
मी आमटी वाढून घेतली.
"आवणीला कोण?"
"येईन ना भात लावायला. पाऊस लागला की ते काम बंदच असतं."
"असं अण्णा म्हणला, का तू?"
ते मीच म्हणालो होतो. अण्णा असं काही म्हणालेला नाही. तिकडं पाऊस नसेल तिकडं जातात ते लोक.

१४ मे
सकाळी टाकीवर बसून ब्रश करताना दिसलं. रोज तिथंच बसतो आणि आज दिसलं. ओट्याला अडतं ते चाक. मडगार्ड ओट्याच्या वरून जातं. म्हणजे चाक काढलं तर मागची बाजू ओट्यावरून फिरेल.
लावलेलं चाक परत काढलं. या वेळी नट लगेच सुटला. बूश खिशात ठेवला, झाकणात नाही.
मग हातगाडीसारखी मागून उचलली. पुढचं चाक जमिनीवर, मागचं सगळं वजन माझ्या हातात. मागची बाजू ओट्यावर आली, पण हँडल मेढीवर गेलं. वळवणार कोण? माझे दोन्ही हात मागं. खाली ठेवता येईना, वर धरवेना. आईला हाक मारली, ती आतून आली नाही.
बाबा उठले. कमरेला हात लावून ओटा उतरले, हँडल धरलं.
"उंबराला लागू नको देऊ."
एवढंच. त्यांनी हँडल वळवलं, मी मागून फिरवलं, इंचाइंचानं. एक पान सुद्धा तुटलं नाही. गाडी अंगणात आली. कोपरा एकदम रिकामा दिसायला लागला.
चाक बसवताना पुन्हा तेच, तिसरा हात लागतो. बाबांनी फळी ओढली, हळूहळू खाली बसले. मी खिशातून बूश दिला. त्यांनी फिरवून बघितला, कडेला अजून पिवळं होतं.
"हाच का तो, शिवानं टांगलेला?"
"हां."
"आणि हे पिवळं?"
"निमाचं."
एक्सल त्यांच्याकडंच पडला होता. तो उचलून पंच्यानं पुसायला लागले. मी चाक धरून हात पुढं केला. ते पुसतच होते. स्वच्छ झालेला परत पुसला.
"कंदी येशील?"
"आवणीला."
"कुठल्या?"
चाक भिंतीला टेकवून पाणी प्यायला आत आलो. आई चुलीपाशी भाकऱ्या थापतेय, एका माणसाला लागतात त्यापेक्षा जास्ती, आणि फडक्यात बांधतेय. तिला विचारलं कशाला, तर तिनं आणखी एक थापायला घेतली.
नदीपलीकडची घरघर सकाळपासून बंद आहे, उद्या निघतात ते.
दारातून दिसतात बाबा. अजून तिथंच बसलेत फळीवर, एका हातात बूश, एका हातात एक्सल. मघाशी त्यांनी डबा मागवून एक्सलला ग्रीस लावलं. बोटानं, सगळीकडून, नीट.
द्यायला मात्र हाक मारत नाहीयेत.