दारामागच्या मिठाची लाल मार्गारिटा

एन्सेनादा, रविवार, जेवणं आटोपल्यावर

प्रिय हिलारिओदादास,

तुझ्या शेंडेफळ बहिणीचा, ओफेलियाचा, वाकून नमस्कार. ग्वादालूपेच्या आईच्या कृपेने आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुम्हीही तिकडे ला पासला तसेच असाल, निदान हे पत्र हातात पडेपर्यंत तरी असालच. (हे असं का लिहिलं ते पुढे कळेल.) तुझा गुडघा काय म्हणतो? रेबेकावहिनींचा खोकला थांबला का? आणि तुमच्या मागच्या अंगणातली ती खोली अजून रिकामीच असते ना? सहज विचारलं.

मुख्य बातमी ही की काल आपल्या मारिक्रूसला रीतसर मागणी आली. तुला तर माहीतच आहे, एव्हेरार्दो हा मुलगा लाखात एक, पण त्याच्या घरचे लोक जुन्या वळणाचे. आरांदासला त्यांचं टकीलाचं खानदान. मुलाच्या बापाने मुलीच्या घरी येऊन, उभं राहून, स्वतःच्या तोंडाने मागणी घातल्याशिवाय तिकडे लग्न ठरलं असं कोणी मानत नाही. माझी पोरगी महिनाभर नीट जेवली नव्हती. म्हणून मी नवऱ्याला एकच सांगितलं होतं, की क्रिस्पीन, त्या दिवशी काही करू नकोस. क्रिस्पीन आणि काही न करणं! नोकरीतून निवृत्त झाल्यापासून हा माणूस मागच्या पडवीत काचेच्या मोठ्या बरणीत लाल वाइन करतो. द्राक्षं चांगली असतात, बरणीही चांगली आहे, मधल्या मध्ये काय बिघडतं ते देव जाणे. ती वाइन कोणी पीत नाही. एकदा लिंबाच्या झाडाला घातली, तर त्याने पानं टाकली.

तर या महाशयांच्या डोक्यात आलं की व्याह्यांची टकीला आणि आपली वाइन एकाच ग्लासात आणायची, म्हणजे दोन घराण्यांचा संगम. टकीला, लिंबाचा रस, संत्र्याची गोड दारू आणि बर्फ घुसळून नेहमीची मार्गारिटा करायची आणि वर चमच्याच्या पाठीवरून लाल वाइन इतक्या हलक्या हाताने सोडायची की ती खाली न जाता तरंगत राहील. खाली पिवळट, वर लाल. आठवडाभर सराव चालला होता. पहिल्या दिवशी वाइन तळाला गेली. दुसऱ्या दिवशी सगळ्याचा रंग कपडे धुतलेल्या पाण्यासारखा झाला. तिसऱ्या दिवशी मिक्सरचं झाकण लावायचं राहिलं, आणि आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर आता जो डाग आहे तो पाहुण्यांना मी ओल म्हणून सांगते. बिघडलेले सगळे ग्लास एदुविहेसताईने संपवले. अन्न वाया गेलेलं तिला पाहवत नाही.

एदुविहेसताईचा विषय निघालाच आहे तर सांगते. जानेवारीत, तीन राजांच्या सणाचा केक कापायला म्हणून ती चार दिवसांसाठी आली. घराचं छप्पर दुरुस्तीला काढलंय, म्हणाली. आता सप्टेंबर आहे. इतक्या दिवसांत लोक चर्च बांधतात. ती माझ्या खुर्चीत बसते, माझ्या शिजत्या भांड्यात चमचा घालते आणि रोज संध्याकाळी घरातलं मीठ घेऊन कोमट पाण्यात पाय बुडवून बसते. दादा, ती तुझी बहीण आहे तशीच माझीही आहे, तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस, पण फेब्रुवारीत मी आईचा उपाय केला. दारामागे झाडू उलटा उभा केला आणि खाली बशीत मीठ ठेवलं. आई अशीच जिनारोकाकांना घालवायची. पाहुण्याचे तळपाय शिवशिवू लागतात आणि तो उठून घरी जातो. मी तर केवढ्या भक्तीने ठेवली होती! इथे समुद्रावरून धुकं आलं की मिठाचं पाणी व्हायला दिवस लागत नाही, पण माझी बशी कायम कोरडी ठणठणीत. मला वाटायचं, उपाय लागू पडतोय. एवढंच की ताई जात नव्हती.

काल दुपारी मंडळी आली. एव्हेरार्दो, त्याचे वडील डॉन रेफुहिओ, आई डोन्या आम्पारो आणि वाळक्या मिरचीएवढी त्याची आजी. मी आत मोले ढवळत होते. (ती मिरच्या-चॉकलेटची आमटी क्षणभर सोडली तर लागते, हे वहिनींना माहीत आहे.) बाहेर क्रिस्पीनने मार्गारिटा मांडल्या. तेवढे ग्लास आमच्याकडे कुठले, तेव्हा निम्म्या लोकांना चर्चच्या मेणबत्त्यांचे रिकामे ग्लास. आजीबाईंच्या ग्लासवर क्रूस होता, त्यांनी आधी हात जोडले आणि मग घोट घेतला. मी बाहेर येऊन पाहते तर काय, वाइन तरंगत होती! आयुष्यात पहिल्यांदा या माणसाला काही जमलं होतं. प्रत्येक ग्लासच्या काठाला पांढऱ्याशुभ्र मिठाची झालर. मी कौतुकाने म्हटलं, मीठ कुठून आणलंस रे, डबा तर रिकामा होता. तर हा दात काढून म्हणतो, "अगं, दाराच्या मागे बशीभर पडलं होतं. घरात तेवढंच कोरडं."

अरे दादा! ज्यांना धरून ठेवायचं त्यांनाच मी घालवायचं मीठ चाटवत होते, आणि मागणीचा शब्द अजून निघायचा होता! मी धावत जाऊन झाडू सरळ केला. डॉन रेफुहिओंच्या हातातला ग्लास घाण आहे म्हणून काढून घ्यायला गेले, तर त्यांना वाटलं मी त्यांचं पिणं मोजते. ते ग्लास छातीशी धरून बसले. त्यांचा डावा पाय हलायला लागला होता. डोन्या आम्पारोंनी बाथरूम विचारलं, मी त्यांना दारापर्यंत सोडून बाहेर उभी राहिले. आजीबाईंनी शाल मागितली, मी म्हटलं थंडी कुठे आहे. एव्हेरार्दो गाडी सावलीत लावतो म्हणाला, मी म्हटलं ऊन चांगलं असतं गाडीला. शेवटी बाहेरच्या दाराला कुलूप घालून किल्ली पदरात, म्हणजे एप्रनच्या खिशात टाकली. मारिक्रूस माझ्याकडे बघून नुसती डोळे मोठे करत होती.

आणि तेवढ्यात डॉन रेफुहिओ उठले. मी ओरडले, "बसा!" बिचारे बसले. घसा खाकरून पुन्हा उठले. मी खांद्याला धरून बसवलं आणि त्यांच्या ताटात मोले वाढली. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं गुडघ्यावर हात ठेवले तर मी म्हटलं, "आत्ता तर आलात, इतक्यात काय निघता?" पोरगी रडायच्या बेतात. तेव्हा माझ्या खुर्चीतून एदुविहेसताई म्हणाली, "ओफेलिया, माणूस मागणी घालायला उठतोय. तू त्याला उभं राहू दिलंस तर तुझ्या मुलीचं लग्न होईल."

मग ते उभे राहिले आणि त्यांनी मागणी घातली. इतकी सुंदर घातली की क्रिस्पीन त्यांचं बोलणं संपायच्या आधीच हो म्हणून मोकळा झाला आणि रडला. मारिक्रूस हसली, आणि खोटं कशाला बोलू, मीही रडले. आजीबाईंनी दुसरा ग्लास मागितला. मार्गारिटाबद्दल विचारलं तेव्हा डॉन रेफुहिओ बराच वेळ काठ चाटत राहिले आणि म्हणाले, "तुमची वाइन भयंकर आहे. पण आमची टकीला चांगली आहे, तिने सांभाळून घेतलं. संसारात असंच असतं." सोबत फोटो पाठवते आहे. सगळ्यांना लाल मिशा आल्या आहेत त्या वाइनच्या.

पाहुणे अंधार पडेपर्यंत बसले, अक्षरशः हलेनात. आणि ते गेल्यावर एदुविहेसताई, जिने पाच ग्लास रिचवून पाचांचे काठ गोल चाटून साफ केले होते, ती उठली, तळपाय खाजवले आणि म्हणाली, "मी हिलारिओकडे जाते. उद्याचा दिवस बांधाबांध, परवा निघते."

सर्वांना यथायोग्य. उत्तराची घाई नाही.

तुझी,
ओफेलिया

ता. क. शेजारचा मासळीचा ट्रक आज तुमच्याकडे निघतोय, म्हणून हे पत्र ताईच्या आधी पोहोचेल. ती शिवणयंत्र घेऊन येते आहे, यावरून काय ते समज. ती खोली झाडून ठेव.

आणखी एक ता. क. उरलेलं मीठ पुडीत बांधून ट्रकवाल्याकडे दिलं आहे. दारामागे ठेवू नकोस, तिथे त्याचा काही उपयोग होत नाही. ग्लासच्या काठाला लाव.

शेवटची ता. क. दादा, पाकीट चिकटवायला डिंक आणायला गेले, तर ताई ट्रंक भरत होती. मला म्हणाली, "दारामागच्या त्या बशीतलं मीठ बदलायला विसरू नकोस हं. धुक्याने लगेच पाझरतं. इतके दिवस रोज सकाळी मी बदलत होते. ओलं झालेलं पाय बुडवायला घ्यायचे, वाया कशाला?" (उलटं, म्हणजे पायांचं मीठ बशीत, कधी करत नव्हती, मी दोनदा विचारून घेतलं.) मी म्हटलं, ताई, ते कशासाठी असतं माहीत आहे ना तुला? तर म्हणाली, "आईचाच उपाय ना? तुला कोण एवढं नकोसं झालंय ते मी विचारलं नाही. पण एकटीने कुठवर पुरी पडशील, म्हणून हात लावला." आणि पुन्हा घड्या घालायला लागली. तिला ठाऊक होतं की नव्हतं, तिच्या तोंडावरून मला काही कळलं नाही. थांब म्हटलं तर थांबेना, एकदा जाते बोलून बसली आहे. खुर्चीत आत्तापासूनच क्रिस्पीन जाऊन बसलाय आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणतो.

नोव्हेंबरात लग्नाला येशील तेव्हा तिला घेऊनच ये. तिचं परतीचं तिकीट काढू नकोस. फक्त पाय बुडवायचं मीठ तिच्याबरोबर वेगळं दे.