राजाचे अल्बम आणि जनकाबाईची खळ

मेहकर,
दि. १० नोव्हेंबर २०२५

चि. महामाया हिला,
अ. उ. आ. व जयभीम.

रविवारी फोनवर तू राजाच्या तिकिटांचा विषय काढलास आणि मी तुला मध्येच थांबवलं, याचा राग मानू नकोस. आपल्या घरचा नियम तुला ठाऊक आहे. तब्येत, जेवण, तुझ्या हॉस्पिटलातल्या ड्युट्या हे सगळं फोनवर. तिकिटांचं बोलणं मात्र पत्रातच. नाहीतर मला पाकिटं कोण पाठवणार? तुझा बाप बुलढाण्याहून मोबाइलवर नुसता अंगठा पाठवतो. धम्मरत्नाच्या त्या अंगठ्यावर काही पोस्टाचा शिक्का बसत नाही.

तर, लंडनच्या प्रदर्शनात इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहातली काही पानं मांडणार असतील, तर तू रजा काढून जा. म्हाताऱ्याला राजाचं एवढं काय, असं तुला वाटेल. राजाशी आपल्याला काही घेणंदेणं नाही. पण तो पंचम जॉर्ज तिकिटं जमवायचा, म्हणजे आपल्या बिरादरीतला. मी मेहकर स्टँडवर कंट्रोलर होतो तेव्हा पोस्टातले एक साहेब बसची वाट पाहत माझ्या खिडकीशी टेकले होते. त्यांनी सांगितलं की हा राजा साऱ्या जगाच्या मागे लागला नाही, आपल्या साम्राज्याचीच तिकिटं त्याने जमवली आणि लाल अल्बमांत लावली. मी त्याच दिवशी ठरवलं, त्याने त्याचं राज्य जमवलं, आपण आपला बुलढाणा जिल्हा जमवू. जिल्ह्यातल्या प्रत्येक पोस्टाचा शिक्का बसलेलं एकेक तिकीट. ड्रायव्हर-कंडक्टर मंडळींनी गावोगावची पाकिटं आणून दिली. अल्बमसुद्धा मुद्दाम लाल कापडात बांधून घेतले. तुझी आजी हसायची. म्हणायची की राजाले हत्ती आन् तुमाले पाकिटं.

जाशील तेव्हा नीट पाहून ये. अल्बम खरंच लाल आहेत का, तिकिटाखाली मजकूर कसा लिहिलाय, आणि राजाकडे शिक्का बसलेली तिकिटं आहेत की सगळी कोरीच. हे शेवटचं धामणगाव बढ्याच्या वामनरावासाठी. आम्ही दोघं इतकी वर्षं तिकिटं जमवतो, पण तो फक्त कोरी घेतो. माझ्या तिकिटांना शिळी म्हणतो. राजाच्या पंगतीला शिळं वाढत नाहीत, असं त्याचं म्हणणं आहे. त्याचं तोंड एकदा बंद झालेलं मला पाहायचं आहे.

लोभ आहे तसाच राहू दे, आणि पाकिटावर तिकीट सरळ लाव. मागच्या वेळी ते कलंडलं होतं.

तुझा आजोबा,
जानराव


लंडन,
दि. १ डिसेंबर २०२५

आदरणीय आजोबांना,
स. जयभीम, वि. वि.

तिकीट या वेळी पट्टी धरून लावलंय. पाहा आणि मगच पुढे वाचा.

काल प्रदर्शनाला जाऊन आले. हॉलमध्ये इतर काचांपुढे माणसं येत-जात होती, पण राजाच्या पानांपुढे रांग हलतच नव्हती. सगळे जण तुमच्यासारखेच. पाठीला पोक, गळ्यात भिंग, आणि काचेजवळ गेलं की श्वास धरून ठेवायचा. माझ्या पुढचे एक आजोबा एका पानापाशी इतका वेळ थांबले की मागच्या बाई खाकरल्या, तरी ते हलले नाहीत. मला तुमचीच आठवण येऊन हसू आलं.

आता तुमच्या प्रश्नांची उत्तरं. अल्बम लाल आहे. एक मिटलेला बाजूला ठेवला होता. आपल्या कापडापेक्षा गडद, वाळलेल्या मिरचीसारखा. दुसरं, राजाकडे शिक्का बसलेली तिकिटंही आहेत, आणि त्यांतली काही तर चांगली काळीभोर झालेली. वामनरावकाकांना माझा जयभीम सांगा आणि हेही सांगा.

तिसरं मात्र मला सर्वांत जास्त आवडलं. मला वाटलं होतं, एवढ्या मोठ्या माणसाचा संग्रह, म्हणजे सगळं छापलेलं असणार. तसं नाही. मी पाहिली त्या पानांवर तिकिटांखालचा मजकूर हाताने लिहिलेला आहे. बारीक, सरळ अक्षर. एका ठिकाणी आखलेली रेघ पुसायची राहून गेलीय, तीही तशीच आहे. मला आजीची रेघ आठवली. गावाचं नाव, तालुका, जिल्हा, सगळ्याला मिळून पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच शिरोरेषा ओढायची ती. दोरीवर धुणं वाळत घातल्यासारखं दिसायचं. मी त्या पुढच्या आजोबांना सांगितलं की आमच्या घरी पण असे लाल अल्बम आहेत, त्यात आमचा अख्खा जिल्हा आहे, आणि खालचं लिखाण माझ्या आजीचं आहे. त्यांनी मला गावाचं नाव विचारलं, खिशातलं कार्ड काढून मेहकर असं लिहून घेतलं. आजोबा, तेव्हा तिथे माझ्याइतकं ताठ कोणीही उभं नव्हतं.

आईला सांगा, जेवण वेळेवर होतं. माया कमी होऊ देऊ नका. पाकिटं मी कमी होऊ देणार नाही.

तुमची,
महामाया


मेहकर,
दि. ८ डिसेंबर २०२५

चि. महामाया हिला,
अ. उ. आ. व जयभीम.

तुझं पत्र अजून आलं नाही, वाटेत असेल. सहा तारखेला दादरला जाऊन कालच परतलो. पाय दुखतात, बाकी ठीक.

आता मोठी बातमी. जानेवारीअखेर नागपुरात तिकिटांचं प्रदर्शन आहे आणि आपला बुलढाणा जिल्हा तिथे घेतलाय. मला दोन रात्री झोप नाही. राजाची पानं लंडनला काचेत, आपली नागपुरात काचेत. वामनरावसुद्धा पेढे घेऊन आला, आणि त्यातले निम्मे स्वतःच खाऊन गेला.

पण त्याचं आणि धम्मरत्नाचं एक मत पडलंय. ते म्हणतात की असली पानं नागपूरले चालत नाहीत, कॉम्प्युटरवर छापून नवी करा. पानं पिवळी पडलीत, आणि आजीचं अक्षर कुठे मोठं, कुठे लहान. धम्मरत्न पानं छापून आणणार आहे. अडचण एकच, तुझ्या आजीची, म्हणजे आमच्या जनकाबाईची, खळ. तुला आठवत नसेल. तिकीट अल्बममध्ये लावायचं ते कागदाच्या बारीक पट्टीवर, म्हणजे पुन्हा काढता येतं. गोंद, खळ हे आमच्यात पाप. मी ड्युटीवर असताना तिने मला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून कणकेची खळ शिजवली आणि पहिल्या अल्बमची सगळी तिकिटं घट्ट चिकटवून टाकली. मी घरी आलो, ती दारातच हसत उभी होती. मी डोक्याला हात लावला. तिने पानं सुकायला एकेक करून पंख्याखाली मांडली होती.

आता ती तिकिटं सोडवायची तर अख्खं पान पाण्यात घालावं लागेल. तिकीट वाचेल, पान जाईल आणि त्यावरचं अक्षर जाईल. धम्मरत्न म्हणतो, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवू. मला हे आवडलेलं नाही, तुला खरं सांगतो. पण नागपुरात आपल्या जिल्ह्याला कोणी हसलं तर तेही मला सोसणार नाही. येत्या रविवारी, १४ तारखेला, सुरुवात करतो. पहिलं पान सोनाळ्याचं आहे, तिच्या माहेरचं.

मनाने जवळच आहेस, पत्राने आणखी जवळ ये.

तुझा आजोबा,
जानराव


लंडन,
दि. २० डिसेंबर २०२५

आदरणीय आजोबांना,
स. जयभीम, वि. वि.

तुमचं ८ तारखेचं पत्र आत्ता ड्युटीवरून आल्यावर मिळालं. रविवार होऊन गेलाय. मी लगेच बाबांना फोन लावला, तर बाबा मेहकरलाच आलेले होते. म्हणाले की तिकिटांचं नाव काढताच तुम्ही गच्चीवर गेलात, बाकी पत्रातच कळेल. नियम मोडला म्हणून रागवा, पण माझं ऐका.

राजाची पानं हाताने लिहिलेली आहेत. हे मी तुम्हाला १ तारखेलाच लिहिलंय, ते पत्र तुम्हाला मिळालं की नाही कोण जाणे. ज्या अक्षराची तुम्हाला नागपुरात लाज वाटेल असं बाबांना वाटतं, तसं हाताचं अक्षर पाहायला इथे माणसं रांग लावतात. मी पहिलीत होते आणि आजी साक्षरता वर्गाला जायची. आम्ही दोघी मेहकरच्या घरात एकाच चटईवर बसून गिरवायचो, एका पेन्सिलीचे दोन तुकडे करून. माझं अक्षर आधी वळणावर आलं म्हणून ती रुसली होती. तिची पाटी राहिली नाही, वही राहिली नाही. ती लिहायची याची खूण फक्त तुमच्या लाल अल्बमात आहे.

एखादं पान गेलं असेल तर असू दे. पण बाकीची पाण्यात घालू नका. नागपूरचं जे व्हायचं ते होवो.

रागावलात तरी लोभ सोडू नका.

तुमची,
महामाया


मेहकर,
दि. २२ डिसेंबर २०२५

चि. महामाया हिला,
अ. उ. आ. व जयभीम.

तू फोन केलास आणि मी गच्चीवर गेलो, कारण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. एवढंच कळवायला मी काल धम्मरत्नाला सांगितलं, की पान शाबूत आहे. बाकीचं आता ऐक.

१४ तारखेला वामनराव पहिल्या गाडीने चिमटा आणि टिपकागद घेऊन आला. परातीत कोमट पाणी घेतलं. सोनाळ्याचं पान मीच अलगद सोडलं, आणि मग मला पाहवेना, मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. थोड्या वेळाने खळ सुटून पाणी पेजेसारखं झालं. वामनरावाने तिकीट उचलून टिपकागदावर ठेवलं आणि मला हाक मारली. म्हणाला की जानराव, इकडे पाय, अक्षर हालून नाही राह्यलं.

मी भिंग लावून पाहिलं. पाण्याखाली सोनाळा, ता. संग्रामपूर, आणि वरची ती लांब रेघ, सगळं जसंच्या तसं. बाई, ते पेन्सिलीचं अक्षर. शाई असती तर विरघळली असती, पेन्सिलीला पाणी काही करत नाही. मीच तिला पेन्सिल दिली होती, चुकलं तर खोडता यावं म्हणून. ती म्हणायची की अक्षर चांगलं झालं का मी वरून शाई फिरवीन. ती शाईची पाळी कधी आलीच नाही, आणि एवढ्या वर्षांत मलाही तिचं ते लिखाण पेन्सिलीचं आहे याचा विसर पडला होता.

पान आम्ही गच्चीवर तिच्या जुन्या सुती लुगड्याखाली वाळवलं. ती हयात असताना सुटी तिकिटं तिथेच कुरडयांच्या शेजारी वाळायची. दुसऱ्या पानाला मी हात घातला नाही. अल्बम वामनरावानेच मिटला, आणि धम्मरत्नाला फोन करून सांगितलं की छापून नको आणू. त्याने फोनवर तिकिटांचं बोलणं केलं, पण मी माफ केलं.

शनिवारी तुझं १ तारखेचं पत्र आलं. राजाचीही पानं हाताची, हे वाचून मला हसू आवरेना. वामनरावाला मुद्दाम बोलावून ते दोनदा वाचून दाखवलं. काळ्याभोर शिक्क्यांचा भाग तर तीनदा. तो चहा पीत राहिला.

राहता राहिलं सोनाळ्याचं तिकीट. वामनराव पट्टी घेऊन तयार होता. मी त्याला थांबवलं, स्वयंपाकघरात गेलो, कणीक कालवली आणि खळ शिजवली. गुठळ्या झाल्या. तरी ते तिकीट तिने लावलं होतं तिथेच खळीने लावलं. वामनराव कान पकडून बाहेर गेला.

तुझ्या मायेला आमची माया. शिक्का ठसठशीत आला होता, त्याबद्दल तिथल्या पोस्टाला शाबासकी सांग.

तुझा आजोबा,
जानराव


मेहकर,
दि. २ फेब्रुवारी २०२६

चि. महामाया हिला,
अ. उ. आ. व जयभीम.

नागपूरहून रात्रीच्या गाडीने आलो आणि अंघोळ करून आधी तुला लिहायला बसलो.

आपली पानं दाराजवळच्या काचेत होती. पहिल्या दिवशी लोक सरळ पुढे जात होते. मग शाळेत शिकवणाऱ्या एक बाई थांबल्या, त्यांनी ती लांब रेघ बोटाने हवेत ओढून पाहिली आणि बरोबरच्या बायांना बोलावलं. दुपारपर्यंत आपल्या काचेपुढे गर्दी. कोणी आपलं गाव शोधत होतं, कोणी मामाचं. एका म्हाताऱ्याला त्याचं जानेफळ सापडलं तर तो हात जोडून उभा राहिला. तू लंडनच्या रांगेचं लिहिलं होतंस ना, तशीच. भिंगं फक्त कमी होती.

परीक्षकांतल्या एका मॅडमनी सोनाळ्याच्या तिकिटाखालच्या गुठळ्या पाहून विचारलं की हे खळीने कोणी चिकटवलं. मी सांगितलं की पहिल्यांदा चुकून लावलं गेलं, दुसऱ्यांदा समजून. त्यांनी त्याचे गुण कापले. नियमाप्रमाणे बरोबरच होतं ते.

तरी कांस्यपदक मिळालं. मी तुला एक गोष्ट सांगितली नव्हती. जानेवारीत नोंदणी पक्की करताना संग्रह करणाऱ्याच्या नावापुढे मी माझं नाव दिलंच नव्हतं. त्यामुळे बक्षिसाच्या वेळी माइकवरून पुकारा झाला, जनकाबाई, मेहकर. मी उठून गेलो तर पुकारणारा माझ्या खांद्यावरून मागे पाहत होता, बाई कुठे आहेत म्हणून. मी त्यांना सांगितलं की बाई येऊ शकत नाहीत, लिहिलं त्यांनी, मी फक्त पाकिटं आणली. मग त्या माणसाला काय वाटलं कोण जाणे, त्याने तिचं नाव पुन्हा एकदा पुकारलं. धम्मरत्न मागच्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता, आणि वामनराव सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होता. महामाया, मला एवढा अभिमान आयुष्यात कधी वाटला नव्हता. ज्या बाईने पन्नाशीत आपलं नाव लिहायला घेतलं, तिचं नाव नागपूरच्या हॉलमध्ये दोनदा गाजलं.

प्रमाणपत्रावर तिचंच नाव छापलंय. ते भिंतीवर लावलं, खिळा जरा वाकडा गेला.

आमच्यावर जीव आहेच तुझा, तो पाकिटात घालून पाठवत राहा.

तुझा आजोबा,
जानराव

ता. क. अल्बमच्या शेवटच्या पानावर तुझ्या १ डिसेंबरच्या पाकिटावरचं, तिथल्या आत्ताच्या राजाचा चेहरा असलेलं तिकीट लावलंय. जिल्ह्याबाहेरचं हे पहिलंच. वर एक लांब रेघ ओढून ठेवली आहे, खाली नाव लिहिलेलं नाही. दिवाळीला येशील तेव्हा तू लिही. पेन्सिलीला टोक करून ठेवलं आहे.