सरासरीने आलेली श्रीमंती

सोमवार, ३ जून

आज आमचा जिल्हा श्रीमंत झाला! कुणाच्या हातात एक पैसा पडलेला नाही. टेकडीवरच्या बंगल्यात लिफ्टचा कारखानदार राहायला आला, त्याची कमाई आमच्या मोजणी कचेरीने सगळ्या घरांवर वाटली — कागदावर — आणि सरासरी गरिबीच्या रेषेवरून टुणकन वर उडाली. साहेबांनी खुशीत बिस्किटं वाटली. दोघांत एक.

मंगळवार, ४ जून

बिस्किट महागात पडलं. सधन जिल्ह्यात मोफत प्रौढवर्ग चालवत नाहीत म्हणे. सासूबाईंचा वर्ग महिनाअखेर बंद! आणि त्या आत्ता कुठे जोडाक्षरांपर्यंत पोचल्यात. बसची पाटी स्वतः वाचून एकटीने बहिणीकडे जायचं, एवढंच त्यांना हवंय. मागे कुणा टवाळाने त्यांना भलत्याच बसमध्ये बसवून दिलं. संध्याकाळपर्यंत सिमेंटच्या गोदामापाशी बसून होत्या. घरी आल्यावर आठवडाभर कुणाशी बोलल्या नाहीत. मला अजून वाईट वाटतं.

आज एवढंच म्हणाल्या, "श्रीमंत झाले ते मला कुणी विचारलं का?"

शुक्रवार, ७ जून

साहेबांना सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी! म्हणाले, बुधवारी फेरमोजणी आहे, सरासरी उतरली तर बघू. मोजणीचा नियम एकच — त्या रात्री माणूस जिथे झोपला, तिथला तो. पुढच्या मोजणीपर्यंत तिथलाच.

घरी आल्यावर हे सांगितलं. सासूबाई मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग त्याला एक रात्र पलीकडे झोपवा की." नाल्यापलीकडे दुसरा जिल्हा लागतो. नवरा हसला. मी हसले नाही.

रविवार, ९ जून

मी आणि सासूबाई बंगल्यावर जाऊन आलो. दोन मजले, तीन लिफ्ट, माणूस एकटा. म्हटलं, तुमच्यामुळे आमची गरिबी गेली, ती परत मिळेल का? मग वर्ग, मोजणी, बुधवारची रात्र, सगळं सांगितलं. त्याने सासूबाईंना विचारलं, "मावशी, या वयात अक्षर येतं का हो?"

"डोकं असलं तर येतं."

"बुधवारी येतो," म्हणाला.

गुरुवार, १३ जून

फत्ते! वर्गातल्या आठही बाया, सासूबाई धरून, त्याला घेऊन नाला ओलांडून गेल्या. त्यांतल्या शिंपीणबाईंच्या बहिणीकडे त्याची गादी घातली. मध्येच उठून परत येऊ नये म्हणून पहाऱ्याला आठहीजणी तिथेच झोपल्या.

तिथेच झोपल्या!! माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो आज सकाळी, दात घासताना.

मंगळवार, २ जुलै

निकाल लागला. आम्ही पुन्हा गरीब. पण आमच्याकडे निरक्षर म्हणून नोंद होती ती या आठजणींचीच, आणि त्या मोजल्या गेल्या पलीकडे. आता एकही निरक्षर नाही, मग वर्ग कशाला? साहेबांना शंभर टक्के साक्षरतेची ढाल मिळाली. मला रडू आलं. मी मोजणीतली, आणि मलाच हे सुचू नये!

सासूबाई म्हणाल्या, "असू दे. गृहपाठ तरी सुटला." पाटी मात्र पुसून कपाटात नीट ठेवली.

बुधवार, ३ जुलै

सासूबाई जेवल्या नाहीत.

सोमवार, १५ जुलै

वरून तज्ज्ञ आले होते. नाल्यापलीकडची सरासरी आभाळाला टेकलीये आणि त्याच मोजणीत तिथले निरक्षरही वाढलेत. त्यांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले, चहा घेतला आणि निष्कर्ष काढला — श्रीमंती आली की माणसं लिहायवाचायला विसरतात. उपाय? सधन जिल्ह्यांत तातडीने मोफत वर्ग! पहिला नाल्यापलीकडे. प्रवेश फक्त तिथे नोंद असलेल्यांना.

सासूबाईंची नोंद तिथलीच! मी कचेरीतून घरापर्यंत जवळजवळ पळत आले.

सोमवार, २२ जुलै

सासूबाईंना वर्गावर सोडायला गेले. बाया आठ, पाट्या नऊ. नववी पाटी छातीशी धरून लिफ्टवाला मागच्या बाकावर अंग चोरून बसला होता.

"मावशी, बाहेर कुठे बोलू नका," म्हणाला.

सासूबाई बाकावर सरकल्या. "पुढे या. आधी काना शिका, जोडाक्षरांना वेळ आहे."