दत्तोबाच्या मोटारीचे कलम

मी, शांतवन देवदान ओहोळ, वय ७३, धंदा मोटार वाइंडिंग, राहणार अंथुर्णे, तालुका इंदापूर, प्रभू येशूला स्मरून आणि कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. बायको साखरबाई हिचे मत वेगळे असल्याने डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहते घर व पोस्टातली शिल्लक साखरबाईची. बारामतीला येऊन राहा म्हणून तिला कोणी छळू नये.

२. दुकान, वाइंडिंगचे मशीन व सर्व हत्यारे मुलगी अनिता हिला. मुलगा युवराज याने रुसू नये. त्याला अजून मल्टिमीटर धरता येत नाही.

३. युवराजला पिंपळीचा प्लॉट, आणि रविवारच्या उपासनेत प्रार्थना करण्याचा माझा मान. अट एकच, तीन मिनिटे. मी पंचवीस घेत असे. लोक वाखाणत. साखरबाई घरी म्हणायची, "आवो, देवाला बाकीच्या गावांचं बी बघायचं आस्तंय." ती बरोबर होती, हे लेखी देतो. तिने याचा गैरफायदा घेऊ नये.

४. चर्चचा पंखा मी तीनदा फुकट दुरुस्त केला. कोणी आभार मानले नाहीत. माफ केले, पण नोंद असावी.

५. हे कलम लिहायला वीस वर्षे लागली. २००५ च्या उन्हाळ्यात माझा दोस्त दत्तोबा याची विहिरीवरची मोटार दुरुस्तीला आली. तारेचे वेढे मोजताना बोलायचे नसते. मी मात्र हाताने मशीनचे हँडल फिरवत तोंडाने रविवारची प्रार्थना जुळवत होतो, कुठल्या वाक्याला बाया डोळे पुसतील ते बघत. आकडा चुकला. अंदाजाने पुढे गेलो. चौथ्या दिवशी मोटार जळाली आणि दुसरी मिळेपर्यंत त्याचा दीड एकर ऊस वाळला. मी सांगितले, व्होल्टेजमुळे झाले. त्याने विश्वास ठेवला, वर मला चहा पाजला.

त्या रविवारी प्रार्थनेला उभा राहिलो तर शब्द फुटेना. लोकांना वाटले, घसा बसला. सोमवारी दुकानात एकटाच होतो. "प्रभू, दत्तोबा," एवढेच म्हणालो आणि रडलो. माझी पहिली खरी प्रार्थना ती. तेव्हापासून मोटार उघडण्याआधी तिला बांधलेल्या चिठ्ठीवरचे मालकाचे नाव देवापुढे ठेवतो, जरा गप्प बसतो, मग वेढे मोजतो. अनितानेही असेच करावे. पण दत्तोबाबद्दल रोज देवाशी बोलायचे आणि दत्तोबाशी बोलायचे टाळायचे, ही माझी लबाडी.

म्हणून मी नव्याने वाइंडिंग केलेली पाच एचपीची मोटार दत्तोबाला. हे त्याला माझ्यामागे कळावे असे वाटत होते. साखरबाई म्हणाली, "मेल्यावर कोण बी खरं बोलंल." तेव्हा सही करण्याआधी त्याला वाचून दाखवणार आहे.

६. हे कलम आज वाढवले. सकाळी दत्तोबाच्या बांधावर बसून वाचले, दुपारी इंदापुरात सही आहे हेही सांगितले. तो म्हणाला, "वीस वर्षं त्या व्होल्टेजला शिव्या घातल्या म्या." मी सांगितले, तुझे नाव रोज देवापुढे घेतो. "रोज? मग माझा गुडघा का दुखतूय?" गुडघ्याचे आधी सांगायचे ना, असे मी म्हणालो. तो हसला नाही. मी चष्मा खिशात घालून निघालो. दोस्त गेला, असेच धरून चाललो होतो.

दुपारी इंदापुरात वकीलसाहेबांकडे पोचलो, तर दत्तोबा बाहेर बाकावर बसलेला. दुसरा साक्षीदार बावड्याहून आलाच नव्हता. "मी करतो सही," दत्तोबा म्हणाला. वकीलसाहेबांनी समजावले, मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर ते त्याला मिळत नाही.

"मंजी मोटार जाणार?"

"जाणार."

"जाऊ द्या. ह्याच्या हातची मोटार नगं मला. पेन आणा."

सबब मोटार आता अनिताची. गुडघा आजपासून प्रार्थनेत घेतला आहे.

ठिकाण : इंदापूर
दिनांक : ११ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार : शांतवन देवदान ओहोळ (सही)

साक्षीदार (नाते ज्याने त्याने स्वतःच्या हाताने लिहिले आहे) :
१. रमाकांत देवधर, निवृत्त शिक्षक, बारामती. नाते : परिचित. (सही)
२. दत्तोबा वाघमोडे, शेतकरी, अंथुर्णे. नाते : मैतर. (सही)