रुमाल

मंगळवार, संध्याकाळ

आज जळलोच मी, अन् तेही शेजारच्या शबानाभाभीवर. माझ्या बायकोला, सुनीताला, झालाय तोच कॅन्सर तिलाही मागं झाला होता. केमो सुरू झाल्यापासून सुनीताला भात भरवतो मी, उलटी धुतो मी. पण केस गेल्यापासून डोक्याचा रुमाल ती माझ्यासमोर काढत नाही. आज घाटंजीच्या बाजारातून परतलो तर दोघी खिदळत होत्या अन् रुमाल खाटेवर! मला पाहताच तिनं घाईनं बांधला.

भाभी गेल्यावर विचारलं, "तिच्यासमोर काढला, माह्यासमोर काहून नाही?"

"तिच्यासमोर बिमार असलं तरी चालते. तुमच्यासमोर मले अजून बायकोच राहावं वाटते."

यावर खूश व्हावं की रडावं? हेवा काही गेला नाही. पण उद्या भाभी आली की मीच बाहेर जाईन. सुनीताला हसू दे.